बामीबायची माती

"दुपारी दोनाला जा," सासूनं सांगितलं. "दोनाला सगळं गाव झोपतं. कुत्रापन उठत नाय. दहा घमेली आनायची, जास्त नको. कोनी विचारलं तर शेनी येचायला चाललेय म्हन."

मी डोक्यावर चुंबळ ठेवली, घमेलं उपडं घातलं आणि मागच्या दारानं निघाले. चैत्रातलं ऊन होतं. होळी होऊन पंधरा दिवस झालेले. वाटेवरची माती तव्यासारखी तापलेली आणि मी अनवाणी.

आळीच्या तोंडाशी पाटलांची थोरली सून चंद्री भेटली. तिच्याही डोक्यावर घमेलं.

"कुठं गं अनसू?"

"शेनी येचायला. तू?"

"मी पन."

दोघी बरोबरच चालू लागलो. गुरं दक्षिणेच्या माळावर चरत आणि आम्ही दोघी उत्तरेला तळ्याकडं चाललो होतो, पण तिनं तो विषय काढला नाही आणि मीही नाही. वळणावर भजन म्हणणारे हिरूबुवा दिसले. त्यांच्या खांद्यावर कुदळ होती.

"वासरू सुटलंय," त्यांनी न विचारताच सांगितलं.

आम्ही मान हलवली. कुदळीनं वासरू कसं शोधतात हे विचारायची आमची हिंमत नव्हती, कारण मग त्यांनी आमच्या शेण्या विचारल्या असत्या.

तळ्यावर पोचलो तेव्हा कळलं, की झोपलेल्या गावातलं निम्मं गाव आमच्या आधीच तिथं आलेलं आहे.

हे असं का झालं ते सांगायला हवं. आमचं कोळवेखार खाडीच्या काठी आहे. काठी म्हणजे खाडीपेक्षा खाली. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतांहून उंच उभं राहतं, आणि मध्ये असतो फक्त मातीचा बांध. हा बांध पिढ्यान्‌पिढ्या जोळीनं राखला जायचा. जोळ म्हणजे पाळी. होळी झाली की दर घरातून एक माणूस बांधावर जायचा. खाडीतला चिखल कापायचा, हातोहात वर द्यायचा, खेकड्यांची भोकं बुजवायची, जिथं बांध खचलाय तिथं थर चढवायचा. पंधरा दिवस हे चालायचं. जो येणार नाही त्याच्या दारात संध्याकाळी सगळे चिखलाच्या अंगानं जाऊन बसायचे आणि तो येतो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा हे मी पाहिलंय. सासरे बांधावरून चिखलानं भरून आले की सासू ओटी धूत बसायची आणि शिव्या देत बसायची, पण आमच्या घरची पाळी कधी चुकली नाही.

मग सरकारनं बांध आपल्या नावावर लिहून घेतला. त्याच होळीला जोळ बंद पडली. माझ्या सासऱ्यांनी चिखल कापायचं फावडं भिंतीला टांगलं आणि म्हणाले, "चला, आता सरकार चिखलात उतरंल." सगळे हसले. सरकार चार वर्षं उतरलं नाही. खेकडे मात्र रोज उतरत होते. पाचव्या वर्षी बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून झालेली वाट. अगदी मोठी नव्हती, दोन माणसं पायाला पाय लावून आडवी झोपतील एवढी. उधाण आलं की त्यातून खाडी आत यायची, शेतं बघून परत जायची, आणि जाताना मीठ ठेवून जायची.

चैत्रात आमची शेतं पांढरी दिसायची. वाऱ्याच्या दिशेनं चाललं तर ओठ खारट व्हायचे. पहिल्या वर्षी भात निम्मं आलं, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं, आणि मग खाऱ्या पाण्याला सोसणारा तांबडा राता भात तेवढा कसाबसा उभा राहायचा. बापेमाणसं कंपन्यांत कामाला गेली. माझे यजमानही ठाण्याला गेले. जाताना म्हणाले, "बांध झाला तर येईन परत." ते काही रागानं बोलले नव्हते. साधंच बोलले, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

अशात नलावडे साहेब आले. साताऱ्याकडचे होते, पंचविशीचे असतील. खाडी त्यांनी पहिल्यांदा बघितली ती आमच्याकडंच. गावदेवीच्या देवळात सगळ्यांना बसवून त्यांनी समजावलं. प्रत्येक शेतातली माती खणून तपासायला न्यायची. निम्म्याहून जास्त शेतांत खार निघाला, तर पावसाआधी खांड बुजणार, बांध उंच होणार, नवी उघाडीसुद्धा बसणार. उघाडी म्हणजे आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि समुद्राला आत न घेणारी फळी. आमची कुजून गेली होती.

"कोणाकोणाच्या शेतात खार आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हिरूबुवा म्हणाले, "हाय साहेब. बऱ्याच जनांच्या हाय."

"मग झालंच काम. शनिवारी मी स्वतः येऊन खणतो. निकालाचा कागद देवळात लागेल, घरवार."

घरवार हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "निम्मं गाव खारटलेलं हायच. बांध होनारच. मग त्या कागदावर आपलं नाव कशाला?"

"आय, पण आपलं शेत सगळ्यांत पांढरं आहे."

"म्हनूनच. पदूच्या रविवारच्या पाहुन्यांना तू काय देवळातला कागद वाचून दाखवनार?"

पदू माझा दीर. सत्तावीस वर्षांचा, कामाला वाघ आणि स्वभावानं गाय. त्याची दोन लग्नं मोडलेली. आमच्यात मुलीचा बाप मुलाला बघायच्या आधी मुलाचं शेत बघतो. चिमूटभर माती उचलतो, जिभेवर ठेवतो. दोघांनीही ठेवली होती, दोघंही थुंकले होते आणि जेवायला न थांबता गेले होते. आता मांडवखारचे रामा घरत येणार होते. हे तिसरे.

गावात लग्नाचे मुलगे घरटी एक होते. सासूच्या डोक्यात आलं ते गावातल्या साठही घरांतल्या सासवांच्या डोक्यात आलं होतं.

गोड माती गावात एकाच ठिकाणी होती. तळ्याच्या काठाला बामीबायचा तीन गुंठ्यांचा तुकडा. तिचा नवरा चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ उपसून त्यात टाकायचा. तो गेल्यावर ती टाकायची. काळी, लोण्यासारखी माती. हिवाळ्यात तिथं वाल व्हायचा, आणि त्या वालाच्या शेंगांची चव मी नंतर कुठंच घेतली नाही. बामीबायला मूलबाळ नव्हतं. तिला कोणाला मुलगी मागायची नव्हती की द्यायची नव्हती.

ती भेंडीच्या डेरेदार झाडाखाली पाय पसरून बसली होती. एका डोळ्यात मोती उतरलेला.

"या गो या. सगळ्या शेनी येचायला आल्यात ना? माझ्या शेतात शेनी लय."

कोणी हसलं नाही. चंद्री पुढं झाली. "आजी, एकदोन घमेली नेऊ का? तुळशीला घालायची हाय."

"साठ तुळशी एकदम सुकल्या का गं?" बामीबायनं सगळ्यांवरून चांगला डोळा फिरवला. "आन् हिरू, तुझं वासरू खड्ड्यात लपलंय काय, कुदळ आनलीस ती?"

हिरूबुवांनी कुदळ खाली ठेवली, पण हातातून सोडली नाही.

"न्या," ती म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्यानं टाकली, त्यानं काय बरोबर न्यायची होती? पन एक काम करा. एक घमेलं माती नेली की एक घमेलं चिखल खांडीवर टाकून यायचा. जोळ होती तसा."

"टाकू की आजी!" सगळे एकदम म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की तळ्यावरचे बगळे उठले.

"आज?"

"आज ऊन लय हाय," चंद्री म्हणाली. "उद्या."

"उद्या भल्या पहाटे," हिरूबुवांनी गळ्यातल्या माळेला हात लावला.

मीही म्हटलं, उद्या. माझा आवाज इतरांपेक्षा मोठाच होता.

दुपारभर गाव झोपलं आणि दुपारभर माती वाहिली. शेताच्या मधोमध दीड हाताचा चौकोन खणायचा, पांढरी माती बाजूला फेकायची, काळी भरायची. आमचा चौकोन बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, इतरांसारखाच भोवतालपेक्षा वीतभर उंच केला, पाणी साचू नये म्हणून. वरून तळहातानं असा थापला जसा गणपतीचा पाट सारवतात. माझ्या दहा खेपा झाल्या. संध्याकाळी ओटीवर उभं राहून बघितलं तर पांढऱ्या शेतांत साठ काळे चौकोन. एखाद्या धुतलेल्या गोधडीला ठिगळं लावावीत तसे. साठ ओट्यांवर साठ घरं उभी राहून तेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी होते. पाय भरून आले होते. मनात आलं, बाकीचे जातीलच. मी एकटी नाही गेले तर काय बिघडतंय? मग कूस बदलली. नंतर कळलं की त्या पहाटे बांधावर खेकड्यांशिवाय कोणीच गेलं नव्हतं.

शनिवारी नलावडे साहेब छत्री, खुरपं आणि कापडी पिशव्यांचं बंडल घेऊन आले. मी सातवी पास, म्हणून पिशव्यांवर नावं लिहायचं काम त्यांनी मला दिलं. मागून पाटील, हिरूबुवा, बाबा आणि अजून दहाबारा जण. बांधावर चढल्यावर साहेब थांबले. समोर सगळी खारजमीन पसरली होती.

"ताई, हे काळे चौकोन कसले?"

माझ्या मागं एकदम चारपाच जणांना खोकला आला.

तोंडाला येईल ते मी बोलले. "पाणी शिंपलंय साहेब. चैत्रात जमीन दगडासारखी होते. तुम्ही खणणार, हाताला फोड येतील."

साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्यांनी शिंपलंय?"

"सगळ्यांनी."

"मी चौदा गावं फिरलो ताई. कोणी घोटभर पाणी विचारलं नाही. आणि तुम्ही माझ्या हातांसाठी जमिनीला पाणी घातलंत?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "गावाची एकी म्हणतात ती ही."

एकी होती, हे खोटं नव्हतं.

एकेका चौकोनात ते खुरपं घालत गेले. मऊ माती अलगद निघायची. मी नाव लिहायची. पोशा मोकल हे सासऱ्यांचं नावही तसंच लिहिलं. शेताचा धनी साहेबांना कोपरानं धरून आणायचा, चौकोनावर उभं करायचा आणि तिथूनच पुढच्या शेताकडं न्यायचा. इकडं तिकडं पाय पडू द्यायचा नाही. "चिखल हाय साहेब, बुटं खराब होतील." त्या शेतांत चार महिने चिखल नव्हता.

शेवटी तळ्याकाठी आलो. बामीबायच्या तुकड्याच्या मधोमध खड्डा पडला होता. लांबरुंद आणि कमरेएवढा खोल. तळाशी निळसर, चिकट, जुनी खाडीची माती दिसत होती. बामीबाय काठावर उभी होती.

"आजी, हे शेततळं का?"

"नाय रे लेकरा. हे शेत. उतर, खालची माती घे."

"खालची नको. वरची वीतभर लागते. त्या बाजूची घेतो."

"वरची तू घेतलीस की सकाळपासून," बामीबाय म्हणाली. "साठ घरची माती तू खनलीस ना, ती सगळी माझीच. मग आता माझ्या शेतात गावाची खन. खालची खारट हाय. माझी खारट लिही. बांध व्हायला एक तरी खारट पायजे ना?"

साहेबांनी पिशवी हातात धरून माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतायत या?"

मी त्यांच्याकडं नाही, मागं पाहिलं. पाटील जमिनीकडं बघत होते. हिरूबुवा आभाळाकडं. बाबा माझ्याकडं. आणि खरं सांगायचं तर निकाल काय लागणार हे त्या क्षणी त्या सगळ्यांत मलाच नीट कळत होतं, कारण साठही नावं मी माझ्या हातानं लिहिली होती. निम्मी सोडा, एकही खारट पिशवी त्या बंडलात नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं तर आमच्या चौकोनापासून सुरुवात करावी लागली असती, आणि उद्या रविवार होता.

"ऊन लागलंय तिला, साहेब," मी म्हटलं. "वय झालंय."

बामीबायनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. माझ्या कपाळाला कुंकू नीट लागलंय का बघावं, तसं.

साहेब बिचारे सभ्य. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून खड्ड्यात उतरले, निळी माती घेतली, आणि मी पिशवीवर लिहिलं, बामीबाय ठाकूर.

जेवायला आमच्याकडंच होते. जिताड्याचं कालवण आणि भात. तांदूळ पेणच्या बाजारातला, आदल्या दिवशी आणलेला. "आपल्याच शेतातला," सासूनं वाढता वाढता सांगितलं. साहेबांनी तिसऱ्यांदा भात घेतला. म्हणाले, "मातीचा गोडवा दाण्यात उतरतो बघा."

रविवारी रामा घरत आले. चहा न घेता थेट शेतात गेले. बाबांनी त्यांनाही कोपरानं धरून नेलं. चौकोनावर उभं राहून त्यांनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, चघळली. थुंकले नाहीत.

"गोड हाय," ते म्हणाले. "पन देवळात कागद लागू दे. मग बोलू."

कागद वैशाखात आला. देवळात तो वाचायला मलाच उभं केलं. साठ नावांपुढं एकच शब्द, 'उत्तम'. प्रत्येक नावाला सगळे हं करत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग बामीबाय ठाकूर, 'क्षारयुक्त, पिकास अयोग्य'. देवळातल्या बायका चुकचुकल्या.

"अरेरे," पाटील म्हणाले. "म्हातारीच्या नशिबात हेच. आपन सगळ्यांनी तिला मदत केली पायजे."

खाली शेवटची ओळ होती. ती मी हळू वाचली. 'जमिनीचा दर्जा पाहता सदर गावी बांधाच्या कामाची आवश्यकता दिसत नाही.'

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

दाराशी बसलेली बामीबाय म्हणाली, "एक तर निघाली ना खारट?"

"एकानं नाय होत आजी," हिरूबुवा म्हणाले. "निम्म्या पायजेत."

"मग बाकीच्या कुठं गेल्या?"

घंटा वाजवायच्या निमित्तानं पाटील उठले आणि त्यांच्यामागं सगळे उठले. त्या कागदाची नक्कल अजून माझ्या पेटीत आहे. अधूनमधून काढून वाचते. त्या साठ उत्तम शेतांत आता तिवरांचं, खारफुटीचं रान आहे. माझी नातवंडं तिथं बगळ्यांचे फोटो काढायला जातात आणि म्हणतात, आजी, काय सुंदर गाव आहे गं तुझं.

पदूचं लग्न जेठात झालं. कागदामुळंच झालं. वेणू गुणाची मुलगी. आठव्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिनं विचारलं, "वयनी, शेतात तो एक चौकोन उंच का हाय?"

मी म्हटलं, "पूजेचा आहे."

ती बादली ओढत होती. तिथंच ती हसायला लागली. "आमच्याकडं पन हाय तसा. नलावडे साहेब आमच्याकडंपन आलते. आमच्या गावात तर गोड माती उरलीच नवती. बाबानं पल्याडून होडीतनं आनली. मीच वाहिली, बारा घमेली."

"आणि कागद?"

"उत्तम."

दोर सोडून आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग तिनं विचारलं, "तुमचा बांध कवा होनार?" आणि मी बादली उचलून घरी आले.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खाडी आत आली. दिवसाढवळ्या आली, सगळ्यांच्या देखत. घाई नव्हती तिला. खांडीचे काठ ढासळत गेले आणि दोन माणसांच्या वाटेची वीस माणसांची वाट झाली. पाणी आधी बामीबायच्या खड्ड्यात उतरलं, कारण गावातली सगळ्यांत खोल जागा तीच होती. मग तळ्यात. तळं खारं झालं. मग सगळीकडं. सहा दिवस भातं पाण्यात उभी राहिली आणि सातव्या दिवशी उभी राहिली नाहीत.

पाणी ओसरल्यावर बाबांबरोबर मी तळ्याकडं गेले. त्यांच्या हातात जोळीच्या दिवसांतली मापाची काठी होती, खाचा केलेली. त्या काठीनं होळीला त्यांनी खांड मापली होती, जुन्या सवयीनं. ती त्यांनी बामीबायच्या खड्ड्यात घातली. खोली बघितली. मग लांबी, मग रुंदी. पुन्हा एकदा लांबी.

"काय झालं, बाबा?"

"खांड एवढीच होती," ते म्हणाले. "तेव्हा. इकडंतिकडं मूठभर." काठी पुसून त्यांनी बगलेत धरली. "घमेलीपन तेवढीच लागली असती."

घरी आल्यावर भिंतीवरच्या फावड्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

त्या वर्षी कापणी झालीच नाही. कुजलेल्या शेतांत साठ ठिकाणी मात्र हिरवे चौकोन उभे होते. दीड दीड हाताचे. बामीबायची माती उंचावर होती तिथं. आमचा मी हातानं खुडला, हातानं मळला. सोलून ओंजळभर तांदूळ निघाला. सासू म्हणाली, देवीला ठेव. मी तो पदरात बांधून बामीबायकडं गेले.

ती ओटीवर होती. आता दुसऱ्या डोळ्यातही मोती उतरत होता. मी ओंजळ तिच्या हातात रिकामी केली.

"काय गं हे?"

"तांदूळ. तुमच्या मातीतला."

तिनं दोन दाणे तोंडात टाकले. दात नव्हते, म्हणून बराच वेळ घोळवले.

"गोड हाय," ती म्हणाली. मग माझ्या दिशेला तोंड करून विचारलं, "आन् चिखल?"

मी रिकामा पदर झटकू लागले.

"दहा ना तुझी?"

"दहा."

"उद्या म्हनली होतीस."

ती त्याच पौषात गेली. ओटीवर बसल्या बसल्या गेली.

पुढच्या चैत्रात नलावडे साहेब पुन्हा आले. गावानं अर्ज केला होता. बांधावर साठ घरं त्यांच्याभोवती उभी होती आणि सगळी एकदम बोलत होती. साहेब, माती खारट हाय. साहेब, चाखून बघा. पाटलांनी तर मूठभर पांढरी माती त्यांच्या तोंडाजवळ धरली.

"तुमच्या भावना मी समजतो," साहेब मागं सरकत म्हणाले. "पण कागदावर माती उत्तम आहे. मी स्वतः खणलीय. आणि नियमानं एकदा तपासलेली माती तीन वर्षं पुन्हा तपासता येत नाही." मग सगळ्यांकडं बघून मायेनं म्हणाले, "एवढं एकजुटीचं गाव. यातून तुम्ही नक्की बाहेर पडाल."

मी तिथून चाळीसेक हातांवर, खांडीच्या तोंडाशी होते. बाबांचं फावडं भिंतीवरून काढून आणलं होतं. साडी गुडघ्यावर खोचलेली, अंगभर चिखल. खाडीच्या बाजूनं कापायचा, घमेल्यात भरायचा, खांडीत टाकायचा. वीस माणसांच्या त्या वाटेत एक घमेलं चिखल म्हणजे भाताच्या हंड्यात मिठाचा एक खडा. ओहोटी होती, तरी पाण्याची धार होतीच. टाकलेलं निम्मं ती लगेच घेऊन जायची. माझी आठ झाली होती.

साहेबांचं लक्ष गेलं. "त्या ताई तिथं काय करतायत? नावं लिहिणाऱ्याच ना त्या?"

मी नववं घमेलं डोक्यावर घेतलं. वाऱ्याची दिशा माझ्याकडं होती, त्यामुळं सासूचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

"तिकडं नका बघू साहेब. ऊन लागलंय तिला."

मी नववं टाकलं आणि दहावं भरायला खाली उतरले.